परिपाठानंतरचा पहिला तास

मुख्याध्यापकपदाचा चार्ज घेताना यादी करावी लागते. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रकं, किर्द, डेडस्टॉक, व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, बँकेचं पासबुक, चाव्यांचे जुडगे. पोषण आहाराची तांदळाची पोती मोजून घ्यायची, डाळ-तेल-तिखट वजन करून. १५ जून २०१६ ला शाळा उघडली आणि पहिले दोन दिवस मी आणि तोवर प्रभारी म्हणून काम पाहणारे सर हेच करत होतो. यादीत चाळीसभर नोंदी झाल्या. कोणत्या वर्गातलं कोणतं मूल वाचतं आणि कोणतं वाचत नाही, ही नोंद त्यात नव्हती. ती नाही, हे त्या दिवशी माझ्याही लक्षात आलं नाही.

त्याआधी एकोणीस वर्षं मी वर्गावर होते. पदोन्नतीच्या समुपदेशनात मला ही शाळा मिळाली. बीड जिल्ह्याचा बालाघाटाचा डोंगरपट्टा, पहिली ते सातवी, पट एकशेऐंशीच्या आसपास, माझ्यासकट आठ जण. गावातली निम्म्याहून जास्त घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. त्या उन्हाळ्यात तर गाव टँकरवरच होतं. शेजारच्या लातूरला एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्यावरून आमच्याकडच्या विहिरींची कल्पना यावी.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत दीडशेवर पट असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. लहान शाळांमध्ये सेवाज्येष्ठ शिक्षक आपला वर्ग सांभाळून ते काम ओढतात. आमचा पट त्याहून जास्त, म्हणजे मला आयुष्यात पहिल्यांदाच वर्ग नव्हता. सकाळी साडेदहाला परिपाठ झाला की सगळे आपापल्या वर्गात जायचे आणि मी ऑफिसात. पहिले दोन महिने मी तिथून जवळजवळ उठलेच नाही.

उठायला फुरसतच नसायची. ‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन प्रणालीत मुलांची माहिती भरायची, आधार जोडायचं, शौचालयाचे फोटो, वृक्षलागवडीचे फोटो, गणवेशाचा हिशोब. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तात्काळ’ असं लिहून आलेला संदेश, त्याखाली ‘दुपारी दोनपर्यंत’. मी एखाद्या मुलाला पिटाळायची, ‘सरांना म्हणावं मॅडमनी बोलावलंय, तुमच्या वर्गाचे आधार नंबर घेऊन या.’ सर वर्ग सोडून यायचे. पंधरा-वीस मिनिटं जायची. शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावू नये, असं कायद्याचं कलम २७ सांगतं. पण माहिती भरणं हे शाळेचंच काम म्हणून गणलं जातं, त्यामुळे ते कुठल्याच कलमात अडकत नाही. शिक्षक असताना मी याबद्दल किती चिडायचे! आणि आता तासाच्या मधून लोकांना उठवणारी मीच होते.

ऑगस्टमध्ये सूचना वहीचा प्रसंग घडला. ज्यांनी झेडपीची शाळा पाहिली आहे त्यांना ही वही माहीत असेल. मुख्याध्यापक तिच्यात सूचना लिहितात, एक मूल ती घेऊन वर्गावर्गात जातं, शिक्षक वाचून सही करतात. आमच्याकडे हे काम सहावीतल्या एका मुलीकडे होतं. चुणचुणीत पोर, कामाला वाघ. वही घेऊन परत आली की ‘बाई, समद्यांच्या सह्या झाल्या’ म्हणून सांगायची. त्या दिवशी मी सहज विचारलं, ‘काय सूचना होती गं?’ ती हसली. म्हटलं, ‘वाच की.’ ओळ अशी होती: ‘उद्या सकाळी आरोग्य तपासणी आहे.’ तिने ‘उ’ वर बोट ठेवलं. ‘उ… द…’ आणि थांबली. मग कागदाकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. न वाचता येणारी मुलं असंच करतात. समोरच्याच्या चेहऱ्यावरून शब्द ओळखायला बघतात. ‘सकाळी’ तिने बरोबर ओळखलं. ‘आरोग्य’पाशी पुन्हा अडली. दोन वर्षं ती वही तिच्या हातात होती, आणि त्या वहीतलं एक वाक्यही तिला सरळ वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी एक कागद घेऊन व्हरांड्यात बसले. कागदावर चार पायऱ्या होत्या: अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा सोपा उतारा, आणि थोडी मोठी गोष्ट. देशभरातल्या खेड्यांत मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणात २००५ पासून हाच क्रम वापरतात. तिसरी ते सातवीचं एकेक मूल बोलवायचं, शेजारी बसवायचं, वाचायला लावायचं. एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात. आठ दिवस लागले. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुलं उताऱ्यापर्यंत पोचत नव्हती. त्यातली काही सातवीतली होती.

यात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की कागदावर आमची शाळा बरी होती. २२ जून २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राच्या शासन निर्णयानंतर पायाभूत चाचण्या सुरू झाल्या होत्या, गुण ऑनलाइन जात होते. आमचे गुण तालुक्यात मध्यम होते. पण चाचणीच्या वेळी प्रश्न वाचून दाखवले जात होते. कोणी खोटेपणाने करत नव्हतं. मुलांना प्रश्न कळावा म्हणून बिचारे वाचून दाखवत होते. मूल वाचतं का, हे मात्र त्यात झाकून जात होतं.

पुढची गोष्ट सांगायला जड जातं, पण ती सांगितल्याशिवाय हे लिखाण पुरं होणार नाही. मी त्या निकालाचा तक्ता केला. वर्ग, वर्गशिक्षक, पट, आणि पुढे चार रकाने. लाल पेनाने. तो ऑफिसच्या भिंतीला लावला आणि बैठक बोलावली. मी पंधरा मिनिटं बोलले. कोणी काही बोललं नाही. शेवटी पाचवीचे सर म्हणाले, ‘मॅडम, ही पोरं चौथीतून माझ्याकडं आली तेव्हाच अशी होती.’ चौथीच्या बाईंनी तिसरीकडे पाहिलं, तिसरीच्या सरांनी दुसरीकडे. असं करत करत बोट पहिलीच्या बाईंवर जाऊन थांबलं. त्या उठून खिचडीची चव घ्यायला म्हणून बाहेर गेल्या, त्या बैठक संपेपर्यंत आत आल्या नाहीत. पहिलीच्या बाई म्हणजे त्या शाळेतला सगळ्यात चांगला शिकवणारा माणूस. तिसऱ्या दिवशी मी तो तक्ता काढला. तपासणीला आलेले साहेब एकोणीस वर्षं माझ्याशी जे वागले होते, ते मी पहिल्या संधीला माझ्या माणसांशी वागले होते.

सप्टेंबरात औरंगाबादला ‘मिपा’मध्ये, म्हणजे शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाच्या राज्य संस्थेत, मुख्याध्यापकांचं नेतृत्व विकासाचं प्रशिक्षण झालं. अशा प्रशिक्षणांतून फार काही हाती लागत नाही असा माझा अनुभव होता, पण तिथे एका सत्रात न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन यांच्या २००८ च्या अभ्यासाची ओळख करून दिली. शाळाप्रमुखाच्या कोणत्या कामाचा मुलांच्या शिकण्यावर किती परिणाम होतो, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या बऱ्याच संशोधनांमधून तपासलं होतं. ध्येय ठरवणं, पैसा आणि साधनं योग्य जागी लावणं, अध्यापनाचं नियोजन आणि त्यावर लक्ष ठेवणं, शिस्तीचं सुरक्षित वातावरण राखणं, या सगळ्याचा परिणाम होतो. पण सगळ्यात मोठा परिणाम दिसला तो प्रमुख जेव्हा शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सामील होतो त्याचा. नुसती प्रशिक्षणाला माणसं पाठवण्याचा नव्हे, त्यांच्याबरोबर बसून शिकण्याचा.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आमच्या शाळेतले दोघे जण वर्षभरापूर्वी सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथला शाळांचा गट, बघून आले होते. त्या काळात राज्यभरातून शिक्षक तिथे जात होते, ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात असे वर्ग बघायला. दोघे भारावून आले, सुट्टीच्या दिवशी येऊन स्वतःच्या पैशाने रंग आणून त्यांनी फरशीवर आखण्या काढल्या. अक्षरांच्या, संख्यांच्या, सुंदर. आणि मी आले तेव्हा त्या आखण्यांवर बाकं मांडलेली होती. कारण ते परत आल्यावर तुम्ही काय पाहिलंत, आपल्याकडे कसं करायचं, कुठे अडतं, हे त्यांना कोणीच विचारलं नव्हतं. विचारायचं काम मुख्याध्यापकाचं होतं.

आल्यावर मी आधी पहिलीच्या बाईंकडे गेले. म्हटलं, ‘तिसरी ते सातवीतली जी मुलं अक्षरांवरच आहेत, त्यांना मी रोज घेणार आहे. मी आजवर वरच्याच वर्गांना शिकवलंय, मला मुळापासून वाचायला शिकवता येत नाही. तुम्ही बघा आणि सांगा.’ त्यांचा आधी विश्वास बसला नाही. मधल्या सुट्टीनंतर त्या दहा मिनिटं दारात येऊन उभ्या राहायच्या. मी क, म, ळ अशी सुटी अक्षरं फळ्यावर लिहून घोकून घेत होते. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘मॅडम, कमळ यांनी कधी पाहिलंय का? यांच्या तोंडात असतात ते शब्द घ्या.’ आणि त्यांनी खडू घेतला. ‘मोळी’ लिहिलं. मग ‘फड’. ‘गाडी’, ‘बैल’, ‘खोपी’, ‘पाचट’, ‘टोळी’, ‘उचल’, ‘कोयता’. मुलं पुढे सरकली. सातवीतला एक मुलगा, जो तोंड लपवून मागे बसायचा, तो म्हणाला, ‘बाई, मुकादम लिवा.’ बाईंनी त्यालाच खडू दिला. त्याने ‘मु’ला वेलांटी दिली. बाईंनी खोडलं नाही. शेजारी ‘मोळी’तला ‘मो’ दाखवला, मग ‘मा’, मग ‘मी’ लिहून विचारलं, ‘यातलं तुझं कोणतं?’ त्याने वाचून पाहिलं, स्वतःचं खोडलं आणि उकार दिला. जोडाक्षरं आम्ही ‘ट्रक’, ‘रस्ता’, ‘हप्ता’ यांवरून केली. ‘ट्रॅक्टर’ हा तसा अवघड शब्द, पण आमच्या मुलांनी तो आठवड्याभरात वाचला, कारण तो त्यांच्या घरचा होता.

मी शिकतेय, अडतेय, पहिलीच्या बाई मला सांगताहेत आणि मी ऐकतेय, हे सगळ्या शाळेला दिसत होतं. माझं असं मत आहे की पुढे जे काही झालं ते यामुळे झालं. मी शंभर बैठका घेऊन ते झालं नसतं.

ऑक्टोबरात मी प्रस्ताव मांडला. परिपाठानंतरचा पहिला तास, अकरा ते पावणेबारा, तिसरी ते सातवीची मुलं यत्ता सोडून पातळीप्रमाणे बसतील. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट, आणि जी मुलं गोष्टीच्याही पुढे आहेत त्यांचा पाचवा गट. पावणेबारानंतर सगळे आपापल्या वर्गात. सगळ्यांत अवघड प्रश्न होता, कोणता गट कोणाकडे. शाळांमध्ये सहसा मागे पडलेली मुलं सगळ्यात नव्या किंवा ज्यांचं फारसं चालत नाही अशा शिक्षकाकडे जातात आणि अनुभवी माणूस स्कॉलरशिपची मुलं घेतो. मी ते उलटं ठेवलं. अक्षर गट पहिलीच्या बाईंकडे आणि माझ्याकडे. पहिलीचा वर्ग तेवढा वेळ दुसरीच्या बाई सांभाळतील. शब्द गट पाचवीच्या सरांकडे, कारण वर्गावर पकड त्यांची सगळ्यात चांगली होती.

सहावी-सातवीला गणित-विज्ञान शिकवणारे सर म्हणाले, ‘मॅडम, रोजची पाऊण तास कात्री म्हणजे माझा सिलॅबस मागे राहणार. साहेब आले की मला विचारणार.’ त्यांची भीती खरी होती. पाठाचं टाचण अपुरं राहिलं म्हणून शेरा मिळालेले शिक्षक आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. मी सूचना वही मागवली आणि सगळ्यांसमोर लिहिलं: ‘वाचन तासामुळे कोणत्याही वर्गाचा अभ्यासक्रम मागे राहिल्यास त्याची जबाबदारी मुख्याध्यापकाची राहील.’ खाली सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. सरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली. वर्षाच्या शेवटी त्यांचे दोन घटक राहिले. मी ते लेखी कळवलं. विचारणा झाली, मी उत्तर दिलं.

त्याच पानावर आणखी एक सूचना होती. साडेतीनच्या आधी कोणत्याही शिक्षकाला माहितीसाठी वर्गातून बोलावलं जाणार नाही. संदेश कितीही तातडीचा असो, तो माझ्याकडे थांबेल. यावरून मला दोन-तीनदा बोलणी खावी लागली. एकदा आमची शाळा ‘माहिती अप्राप्त’ यादीत झळकली. पण खरं सांगायचं तर ‘तात्काळ’ लिहिलेल्या माहितीपैकी बरीचशी दुसऱ्या दिवशी सकाळी दिली तरी कोणाचं काही अडत नाही, हे मला त्या वर्षी कळलं.

आता लॉगबुकाविषयी, कारण मुख्याध्यापक आणि शिक्षक यांच्यातलं नातं या वहीत दिसतं. मुख्याध्यापकाने पाठ पाहून त्यात नोंद करायची असते. माझ्या जुन्या शाळांतली लॉगबुकं मला पाठ आहेत: ‘पाठ समाधानकारक. फलकलेखन सुधारावे. शैक्षणिक साहित्याचा वापर करावा.’ कुणाचाही पाठ असो, तीन ओळी त्याच. मागच्या बाजूला खुर्ची टाकून दहा मिनिटं बसायचं, शिक्षकाचा आवाज बदलतो, हुशार मुलांनाच प्रश्न विचारले जातात. मी खुर्ची सोडली. मुलांच्या रांगेत, एका मुलाच्या शेजारी मांडी घालून बसायची आणि पूर्ण तास त्याच एका मुलाची वही बघायची. शिक्षकाकडे बघायचंच नाही. त्या मुलाने काय लिहिलं, कुठे थांबलं, शेजाऱ्याचं कधी पाहिलं, एवढंच लॉगबुकात उतरवायचं. तास झाल्यावर शिक्षकाला एकच विचारायचं, ‘आज कोणाला कळलं नाही असं तुम्हाला वाटतं?’

पाचवीच्या सरांच्या तासाला मी अशीच एका मुलाशेजारी बसले होते. हातच्याची वजाबाकी चालली होती. सरांनी सगळ्या वर्गाला विचारलं, ‘समजलं?’ वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणाला, हा मुलगाही म्हणाला. त्याच्या वहीत ५२ वजा २७ बरोबर ३५ होते. त्याने सातातून दोन वजा केले होते, कारण दोनातून सात जात नाहीत हे त्याला कळत होतं आणि मोठ्यातून लहान घालवायचं हेही कळत होतं. मी ते लॉगबुकात तसंच लिहिलं, कुठलाही शेरा न मारता. सरांनी संध्याकाळी वाचलं. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर ते बाभळीच्या काड्या मोजून दहा-दहाच्या जुड्या बांधत होते, रबर लावून. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी आपणहून तो विषय काढला, ‘माझ्या वर्गात अशी नऊ जण निघाली.’

तेव्हापासून शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तासभर बसू लागलो. प्रत्येकाने एक मूल घेऊन यायचं, म्हणजे त्याची वही घेऊन यायची. कुठे अडलंय, काय करून पाहिलं. बाकीच्यांनी सुचवायचं. कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरताना त्यात पूर्वतयारीचे तास मोजलेले आहेत. आमच्यासाठी हीच पूर्वतयारी होती. ज्या बैठकीत पूर्वी फक्त मी बोलायची, तिच्यात मी बऱ्याचदा ऐकतच असे. तिसरीचे सर गुणाकारात हुशार निघाले, गणित-विज्ञानवाल्या सरांना चित्रं काढून गोष्ट सांगता यायची. इतकी वर्षं एका शाळेत राहून एकमेकांना हे माहीत नव्हतं.

आणि मग दिवाळी आली. ३० ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. त्यानंतर मुकादमांच्या, म्हणजे तोडीच्या टोळ्या नेणाऱ्यांच्या, ट्रक-ट्रॅक्टर गावात लागायला लागल्या. ज्यांनी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली आहे त्यांना जाणं भागच असतं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, मागे लहान मूल असेल तर त्याला सांभाळायला मोठी बहीण लागते. वाचन तासाला पंधरा दिवस झाले होते आणि माझे गट फुटायच्या बेतात होते. हंगामी वसतिगृहाची योजना होती: आजी-आजोबांकडे मुलं ठेवायची, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत, व्यवस्थापन समितीमार्फत. प्रस्ताव मी आधीच पाठवला होता, मंजुरी आली, पण पैसे यायचे होते. तेवढ्यात ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. समितीच्या खात्यात थोडी शिल्लक होती, पण अध्यक्ष आणि मी असे दोघांच्या सहीने ती काढायला तालुक्याच्या बँकेत दोन दिवस रांगेत उभे राहिलो आणि हातात पुरेसं काही आलं नाही. गावातल्या किराणावाल्याने उधारीवर पीठ, डाळ, तेल दिलं. समितीचे अध्यक्ष स्वतः ऊसतोडीला जाणारे, त्यांनी त्या वर्षी आठ दिवस उशिरा टोळी गाठली. एक म्हातारी नातवाला घेऊन आली, म्हणाली, ‘लेकराला ठिवून घ्या बाई. म्या निजायला नेईन. भाकरीचं तेवढं तुम्ही बघा.’ असे तीसेक जण राहिले. पालकांशी घरोघर जाऊन बोलायला पाचवीचे सर माझ्याबरोबर असत. त्यांचं बोलणं लोकांना माझ्यापेक्षा पटायचं.

सूचना वहीवाली मुलगी राहिली नाही. तिचा धाकटा भाऊ दीड वर्षाचा होता. मी तिच्या आईशी दोनदा बोलले. आई म्हणाली, ‘बाई, मग ह्याला फडात कुठं ठिवू?’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला शिक्षण हमी पत्रक दिलं, तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून. आम्ही त्या वर्षी प्रत्येक पत्रकाच्या मागे मूल कोणत्या गटात आहे आणि पुढे काय घ्यावं हे हाताने लिहिलं होतं. ‘शब्द गट. जोडाक्षरांवर अडते. गोष्ट सांगायला आवडते.’ फेब्रुवारीच्या शेवटी ती परतली. दुष्काळामुळे त्या साली ऊसच कमी होता, हंगाम लवकर आटोपला. पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून जपलेलं होतं. कोणत्याही शाळेत ती गेली नव्हती.

मार्चमध्ये पुन्हा चाचणी घेतली, या वेळी शिक्षकांनी एकमेकांच्या गटांची. राहिलेल्या मुलांपैकी बहुतेक जण एक तरी पायरी चढले होते, काही दोन. गेलेली मुलं होती तिथेच होती, दोघं-तिघं मागे सरली होती. अक्षर गटातली चार मुलं तिथेच राहिली. त्यांच्यातल्या एकाला ऐकूच कमी येत होतं, हे आम्हाला तोवर कळलं नव्हतं. तक्ता या वेळीही केला, पण तो भिंतीला लावला नाही. शनिवारच्या बैठकीत मधे ठेवला आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो. त्यात वर्गशिक्षकाच्या नावाचा रकाना नव्हता.

दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा सोपं गेलं, त्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. तास चालला, शनिवार चालले, वसतिगृहाचे पैसे पुन्हा उशिरा आले. ती मुलगी सातवीत गेली आणि त्या वर्षी मात्र आजीकडे राहिली, भाऊ मोठा झाला होता.

मे २०१८ मध्ये राज्यभर ऑनलाइन बदल्या झाल्या. आमच्या सातातले चार जण एका दिवसात गेले. पहिलीच्या बाईही गेल्या. मी त्यांना सोडायला स्टँडपर्यंत गेले होते. आता पुन्हा पहिल्यापासून, असंच मला वाटत होतं.

१५ जूनला चार नवे शिक्षक हजर झाले. मी ऑफिसात पुस्तक वाटपाच्या याद्या आणि सातवी झालेल्या मुलांचे दाखले घेऊन बसले होते. ती मुलगी दाखला न्यायला आली. उभ्या उभ्या दाखला वाचला आणि म्हणाली, ‘बाई, आईच्या नावात टिंब राहिलंय.’ खरंच राहिलं होतं. दाखल्यावर खाडाखोड चालत नाही, म्हणून मी दुसरा लिहायला घेतला. तोवर ती दारात उभी राहून शेजारच्या खोलीतलं ऐकत होती.

शेजारच्या खोलीत पाचवीचे सर नव्या चौघांना वाचन तासाचं समजावून देत होते. मी त्यांना सांगितलं नव्हतं. कागद कसा वापरायचा, मुलाला उजव्या बाजूला बसवायचं, चुकलं तरी लगेच सांगायचं नाही. नव्यांमध्ये एक तरुण शिक्षिका होती, पहिलीच नेमणूक असावी इतकी लहान दिसत होती. तिने विचारलं, ‘सर, मी नवीन आहे, मला अक्षर गट द्या. मोठ्या मुलांचं मला जमणार नाही.’

‘अक्षर गट तुम्हाला नाही मिळायचा,’ सर म्हणाले. ‘तो मॅडमकडं आणि या वर्षापासून माझ्याकडं. तुम्ही गोष्टीचा गट घ्या. आणि अकराला आमच्यात येऊन बसत जा, चार दिवस.’